शेजाऱ्यांची साक्ष

१८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढून वर्धा जिल्हा तयार झाला. त्याच वर्षी, २६ डिसेंबरला, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मॅन्काटो या गावी ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी. करारात कबूल केलेले पैसे आणि धान्य वेळेवर न मिळाल्याने उपाशी राहिलेल्या डकोटांनी उठाव केला होता. तो मोडल्यावर सुमारे सोळाशे बायका, मुले आणि म्हातारी माणसे फोर्ट स्नेलिंगच्या पायथ्याशी छावणीत कोंडली गेली आणि १८६३ मध्ये अमेरिकी संसदेने करार रद्द करून डकोटांना राज्याबाहेर काढले. त्याच वेळी चालू असलेल्या अमेरिकी यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, हिंगणघाटच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला आणि वर्धा खोऱ्यातली काळी जमीन इंग्रजांच्या डोळ्यांत भरली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. मालगुजारी बंदोबस्ताने गावाची मालकी मालगुजाराच्या नावे लागली आणि १८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी रान सरकारचे झाले. ज्या गोंडांचे जगणे या रानावर आणि रानाकडेच्या हलक्या जमिनीवर चालत होते, त्यांच्या पायाखालची भूमी कागदावर दुसऱ्याची झाली. त्याच्या थोडे आधी, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, चंद्रपूरच्या तुरुंगात इंग्रजांविरुद्ध उठलेले गोंड वीर बाबूराव शेडमाके फासावर गेले होते.

मिनेसोटा आणि वर्धा यांची दुःखे सारखी आहेत असे म्हणायचे नाही. एकीकडे संपूर्ण जमात हद्दपार झाली, दुसरीकडे ती आपल्याच गावाच्या कडेला मजूर होऊन राहिली. पण आज मिनेसोटातल्या साध्या मोहल्ला-संघटना एक काम करू लागल्या आहेत. आपण राहतो ती जमीन डकोटांची होती हे त्या आपल्या सभांमध्ये जाहीरपणे सांगतात आणि डकोटांच्या आजच्या संस्थांना, शाळांना, भाषावर्गांना हातभार लावतात. मिनियापोलिसमधल्या एका मोठ्या तलावाला गुलामगिरीच्या कट्टर समर्थकाचे, जॉन कॅलहूनचे, नाव होते. नागरिकांनी अनेक वर्षे लावून धरल्यावर २०१८ मध्ये राज्याने त्याचे मूळ डकोटा नाव 'ब्दे माका स्का' परत मान्य केले आणि २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दुजोरा दिला. हे पाहिल्यावर प्रश्न असा पडतो की वर्धा जिल्ह्यातल्या सेलूसारख्या तालुक्याच्या गावातल्या मंडळांनी, बचत गटांनी, वाचनालयांनी आपल्या शेजारच्या गोंड आणि कोलाम माणसांसाठी असे काही करण्यात अर्थ आहे का? माझे उत्तर 'हो' असे आहे, आणि त्याचे कारण भावनेपेक्षा कायद्यात जास्त आहे. वर्धा जिल्ह्यात शेजाऱ्याने घेतलेली दखल हा प्रत्यक्ष पुरावा ठरतो, आणि ती घेतली गेली नाही तर आदिवासीचा हक्क कागदावर उभाच राहत नाही.

सेलूच्या परिसराला इतिहासाचे वावडे नाही. घोराडला संत केजाजी महाराजांची परंपरा आजही गर्दीने भरलेली आहे. नागपूरकडे जाताना केळझर लागते; तिथे पांडवांची एकचक्रानगरी आणि बकासुराचा वध यांची कथा लहान पोरही सांगते. वर्ध्याच्या वाटेवर धाम नदीकाठचे पवनार आहे. ते वाकाटकांचे प्रवरपूर असल्याचे काही अभ्यासक मानतात, आणि विनोबांचा आश्रमही तिथेच. सेवाग्राम तर साऱ्या जगाला ठाऊक आहे. म्हणजे महाभारत आहे, वाकाटक आहेत, संत आहेत, गांधी आहेत. मधली गोंड राज्याची शतके मात्र या कथनातून गळून पडली आहेत. देवगडच्या बख्त बुलंदने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी नागपूर वसवले. त्याचा वारस चांद सुलतान याच्या मृत्यूनंतरच्या भाऊबंदकीत रघूजी भोसले मध्यस्थ म्हणून आले आणि १७४३ पर्यंत खरी सत्ता त्यांच्या हाती गेली. गोंड राजा बुऱ्हाण शहाकडे राजेपणाचा मान आणि तनखा उरला. उपराजधानीची पायाभरणी करणारा राजा गोंड होता, हे नागपुरात निदान अधूनमधून आठवले जाते. सेलूत तेही होत नाही. इथे गोंड आठवतात ते कापूस वेचणीच्या हंगामात आणि तेंदूपत्ता तोडणीच्या वेळी.

२०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याच्या सुमारे तेरा लाख लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहे. साधारण दर नऊ माणसांमागे एक. त्यात गोंड बहुसंख्य आहेत, आणि केंद्र सरकारने विशेष असुरक्षित गणलेल्या कोलामांचीही वस्ती जिल्ह्यात आहे. तरीही वर्धा जिल्ह्याचा एकही भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती या जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्रे आहेत, वर्ध्यात नाहीत. परिणामी १९९६ चा पेसा कायदा इथे लागू होत नाही. गडचिरोलीतल्या गोंड ग्रामसभेला गौण वनोपजावर, गावाच्या जमिनीवर, परंपरेच्या जपणुकीवर जो विशेष अधिकार आहे, तो सेलू तालुक्यातल्या गोंड पाड्याला नाही. त्या जिल्ह्यातले मेंढा-लेखासारखे गाव उभे राहते तेव्हा त्यामागे देवाजी तोफांसारखे नेतृत्व आणि गावाची अनेक वर्षांची अभ्यासमंडळे असतात. पण त्याबरोबर हेही खरे की तिथे गाव म्हणजे गोंड आणि गोंड म्हणजे गाव. सेलू तालुक्यात बहुतेक गोंड घरे मिश्र गावांत विखुरलेली आहेत. गावसभेत ती अल्पसंख्य आहेत, आणि म्हणूनच त्यांचे बरेच काही शेजाऱ्यांच्या हातात आहे.

हे 'हातात असणे' शब्दशः घ्यावे लागेल. २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता मर्यादित नाही. तो वर्ध्यालाही लागू आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला तिचा हक्क मिळू शकतो, आणि गावाला आपल्या परंपरागत रानावर सामूहिक हक्क सांगता येतो. दावा आधी ग्रामसभेपुढे येतो, मग उपविभागीय समितीकडे, शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो. २०१२ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनुसार ही ग्रामसभा वैध ठरायला निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते आणि त्यात एक तृतीयांश तरी बाया असाव्या लागतात. ज्या गावात दहा-पंधराच गोंड कुटुंबे आहेत, तिथे ती सगळीच्या सगळी आली तरी कोरम भरत नाही. बाकीचा गाव घरी बसला की सभा तहकूब होते, दावा पुढच्या तारखेवर जातो, आणि पुढच्या तारखेला पुन्हा तेच होते. यात कुणाचा दुष्टावा असावा लागत नाही. पेरणीची घाई असते, लग्नाची तिथी असते, आणि 'त्यांचा विषय आहे, आपले काय काम' असे मनात असते. पण परिणाम व्हायचा तोच होतो.

पुराव्याचा भाग तर याहून बोलका आहे. वनहक्क नियमांतल्या तेराव्या नियमात कोणते पुरावे चालतात त्याची यादी दिलेली आहे. त्यात सरकारी कागद आहेत, गॅझेटिअर आणि बंदोबस्ताचे अहवाल आहेत; विहिरी, दफनाच्या जागा, देवस्थाने यांसारख्या जुनेपणा सिद्ध करणाऱ्या खुणा आहेत; आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही आहेत. एकाहून अधिक प्रकारचे पुरावे विचारात घ्यावेत असे नियम सांगतो. एका गोंड म्हाताऱ्याचा दावा मजबूत व्हायला साक्ष आणि जुने कागद या ज्या दोन गोष्टी लागतात, त्या दोन्ही शेजाऱ्याकडे आहेत. 'यांचे वडील या खोऱ्यात धुरे बांधून ज्वारी काढत होते, हे मी पोरवयापासून पाहिले आहे', हे वाक्य दावेदाराला स्वतःसाठी लिहिता येत नाही. ते कुणब्याला लिहिता येते, तेल्याला लिहिता येते, बौद्ध वस्तीतल्या आजोबांना लिहिता येते. मोहाच्या झाडाखालचे पेनठाणे, म्हणजे गोंडांच्या देवाचे स्थान, किती पिढ्यांपासून तिथे आहे हे गावातल्या ज्या माणसाने कधीकाळी तिथून जाताना चप्पल काढली असेल, त्याला माहीत असते. आणि जुनी निस्तार पत्रके, वाजिब-उल-अर्ज, अधिकार अभिलेख कुठल्या कचेरीत असतात, ते वाचायचे कसे, नक्कल मागायची कशी, हे गावातल्या निवृत्त तलाठ्याला किंवा सेलूतल्या वकिलाला जेवढे उमगते तेवढे रोजमजुरीला जाणाऱ्या बाईला उमगणे अवघड आहे. मिनेसोटातल्या मोहल्ल्यात 'ही भूमी डकोटांची होती' असे म्हटले तर त्याने निदान मनाची जमीन तयार होते. आपल्याकडे तेच वाक्य सही करून, तारीख घालून, ग्रामसभेत दिले तर त्याला कायद्याचे वजन येते. दखल घेण्याच्या या कृतीला भारतीय कायद्याने जे मोल दिले आहे ते अमेरिकेतल्या सदिच्छेला नाही, आणि आपण ते वापरतही नाही.

वेळेवर दिलेल्या अशा जबाबाअभावी काय होते तेही देशाने पाहिले आहे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि देशभरच्या लाखो कुटुंबांवर टांगती तलवार आली. त्याच महिन्याच्या २८ तारखेला आदेशाला स्थगिती मिळाली, ती मुख्यतः दावे फेटाळताना योग्य प्रक्रिया पाळली गेली होती का या प्रश्नावर. 'फेटाळला' या शेऱ्यामागे अनेकदा खोटेपणा नसून कागदाची उणीव असते, हे या प्रकरणाने समोर आणले.

सेलू तालुक्यात हा प्रश्न बोरच्या रानाशी बांधलेला आहे. बोर नदीवर हिंगणीजवळ धरण झाले ते १९६० च्या दशकात. १९७० मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. जाहीर झाला तेव्हा सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक होता. त्याचे महत्त्व मात्र मोठे आहे, कारण पेंच, ताडोबा आणि मेळघाट यांच्यामध्ये वाघांना ये-जा करायला हा दुवा लागतो. वाघ हवा, रान हवे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण सागाच्या आणि बांबूच्या त्या रानाची माहिती पर्यटकाला दिली जाते तेव्हा त्यात वाघ असतो, अस्वल असते, पक्ष्यांची यादी असते आणि माणूस नसतो. त्या रानात मोह वेचणारे, डिंक काढणारे, पेनाला बोकड देणारे लोक होते आणि भोवती आजही आहेत. वन्यजीव कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने व्याघ्र क्षेत्रातून पुनर्वसन ऐच्छिक असावे, आधी हक्कांची निश्चिती व्हावी आणि ग्रामसभेची संमती असावी, असे बंधन घातले आहे. या अटींवर लक्ष कोण ठेवणार? वनखात्यावर एकट्या पाड्याने लक्ष ठेवणे ही अशक्य अपेक्षा आहे. ते काम तालुक्याच्या गावाने करावे लागेल, आणि त्यासाठी त्या पाड्यावर कोण राहते हे तालुक्याच्या गावाला आधी ठाऊक असावे लागेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. गोंड तरी इथले मूळचे कशावरून? वाकाटक त्यांच्या आधीचे, त्यांच्या आधी आणखी कुणी. मग कोणाची दखल घ्यायची? हा आक्षेप वरवर विद्वत्तेचा दिसला तरी प्रश्नच चुकीचा विचारतो. कोण सर्वांत आधी आले याची शर्यत इथे लावायचीच नाही. वाकाटक आज वनहक्काचा दावा घेऊन तहसीलमध्ये उभे नाहीत. गोंड उभे आहेत. त्यांचे राज्य, त्यांची शेती, त्यांचे रान गेल्या तीनशे वर्षांत कोणत्या टप्प्यांनी गेले हे नोंदलेले आहे. आपल्या राज्याच्या विधिमंडळानेही हे मान्य केले आहे. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा महाराष्ट्राचा कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातली हस्तांतरणे तपासण्यासाठीच झाला होता. जमीन गेली नसती तर ती परत करण्याचा कायदा लागला नसता.

दुसरा आक्षेप सेलूत जास्त मनापासून घेतला जातो, कारण तो आपुलकीच्या भाषेत येतो. 'आमच्याकडचे गोंड आता आमच्यासारखेच आहेत. मराठी बोलतात, पोळा करतात, गणपतीला येतात, वारीलाही जातात. मग वेगळे का काढायचे?' यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. वर्धा-नागपूरच्या सपाटीवरचे बहुतेक गोंड घरात मराठीच बोलतात. देशात गोंड जमातीची संख्या एक कोटीहून अधिक असताना २०११ मध्ये गोंडी ही मातृभाषा सांगणारे तीस लाखांच्या आतच होते, आणि ती भाषा अजून आठव्या अनुसूचीत नाही. पण भाषा आपोआप गेली नाही. शाळेत ती नव्हती, बाजारात तिला हसत होते, कचेरीत ती कुणाला कळत नव्हती. जे मागे सोडणे भाग पडले, त्याला आपल्यात मिसळणे म्हणणे हा अन्याय आहे. शिवाय हे मिसळणे एकाच दिशेने झाले. गोंड गणपतीला आले. गावातली किती मंडळे गोंडांच्या कचारगडच्या माघ पौर्णिमेच्या यात्रेला गेली? मोतीरावण कंगाली यांनी नागपुरात बसून गोंडी भाषा आणि धर्मपरंपरा यांवर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले, व्यंकटेश आत्राम यांनी गोंडी संस्कृतीवर मराठीत लिहिले, भुजंग मेश्राम आणि उषाकिरण आत्राम यांची कविता मराठीत आहे. यातले सेलूच्या वाचनालयात किती आहे, हे तिथल्या सभासदांनी एकदा कपाटे उघडून पाहावे. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली, तिला शासनाच्या मान्यतेसाठी झगडावे लागले. सेलूत कुणी तशी शाळा मागत नाही. पण मागणी नाही याचा अर्थ इच्छा नाही असा होत नाही. अनेकदा मागावे असे वातावरणच नसते.

तिसरा मुद्दा आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाला जरा टोचेल, तरी बोलला पाहिजे. वर्धा ही रचनात्मक कार्याची भूमी. गांधीजींनी 'रचनात्मक कार्यक्रम' ही पुस्तिका लिहिली आणि १९४५ च्या सुधारित आवृत्तीत आदिवासी हा स्वतंत्र विषय म्हणून घेतला, ही इथल्या संस्थांना मोलाची ठेव आहे. पण आदिवासींबद्दलचा आपला सारा शब्दसंग्रह सेवेचा राहिला. सेवा करणारा एकीकडे, सेवा घेणारा दुसरीकडे. त्या नात्यात कपडे वाटले जातात, शिबिरे होतात, फोटो निघतात, आणि जमिनीचा प्रश्न तसाच राहतो. शेजार हे नाते वेगळे आहे. शेजारी साक्षीला उभा राहतो, सभेला येतो, भांडणात बाजू घेतो, आणि आपल्या घरचा कार्यक्रम ठरवताना शेजाऱ्याला विचारतो. आजची गोंड तरुण पिढी 'जय सेवा' म्हणत सप्तरंगी झेंडा लावते, ९ ऑगस्टला, आदिवासी दिनी, मिरवणूक काढते, आपला इतिहास आपण मांडते. तिला मार्गदर्शक नकोत. तिच्या मिरवणुकीसाठी रस्ता मोकळा करणारे, तिच्या सभेला श्रोते म्हणून बसणारे, तिने मागितले तेव्हा सभागृह देणारे लोक हवेत. काय जपायचे आणि काय सोडायचे हेही तिलाच ठरवू द्यावे. एखाद्या मुलीला ढेमसा नाचापेक्षा अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा महत्त्वाची वाटली, तर वारसा हरवला म्हणून हळहळण्याचा अधिकार आपल्याला नाही.

एक कठीण गोष्ट इथे टाळता येत नाही. कोण आदिवासी आणि कोण नाही हा विदर्भात रक्ताने लिहिलेला प्रश्न आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या अधिवेशनावर आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली, आणि आदिवासी म्हणून मान्यता मिळावी ही त्यांची मागणी पुढे न्यायालयांत गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. मंडळाने किंवा वॉर्डाने या निवाड्यात पडू नये. जात पडताळणी समितीचे काम तिच्याकडेच राहावे. पण त्या समितीपुढे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातली नोंद शोधून न्यायची असते, तेव्हा जुना दाखलखारीज उघडून देणारा मुख्याध्यापक आणि दोन चकरांत काम करून देणारा लिपिक हेही शेजारीच असतात. 'त्यांना आरक्षण आहे ना' हे म्हणणाऱ्याने एकदा ही पडताळणीची वाट शेवटपर्यंत चालून पाहावी. आरक्षणाच्या दारापर्यंत पोचण्याआधीच किती मुले थांबतात ते तिथे कळते.

शेवटचा आक्षेप मिनेसोटातल्या डकोटांचाच आहे, आणि तो सर्वांत खरा आहे. नुसते भूमिस्मरण वाचून दाखवणे सोपे असते. त्याने बोलणाऱ्याला बरे वाटते आणि जमीन जिथल्या तिथे राहते. म्हणूनच तिथे पुढचा टप्पा आला. २०२१ मध्ये लोअर सू या डकोटा समुदायाला शंभराहून अधिक एकर जमीन परत मिळाली, आणि २०२४ मध्ये अप्पर सू एजन्सीचे राज्य उद्यान अप्पर सू समुदायाच्या स्वाधीन झाले. हा क्रम सेलूनेही डोळ्यांपुढे ठेवावा. केळझरच्या आणि बोरच्या माहितीफलकावर गोंड राज्याचा परिच्छेद यावा, नगरपंचायतीने एखाद्या चौकाला बाबूराव शेडमाके किंवा राणी दुर्गावती यांचे नाव द्यावे, वाचनालयाने पुस्तके आणावीत, हे सगळे व्हावे. त्याला फार पैसा लागत नाही. पण यातले काहीही केले आणि वनहक्काचा एकही जबाब लिहून दिला नाही, शहरात शिकायला आलेल्या गोंड मुलीला आडनाव ऐकून खोली नाकारली, तर फलक आणि चौक हे केवळ आपल्या समाधानासाठी उरतील. आधी साक्ष, मग स्मारक, असा क्रम धरावा.

सेलू शहराला स्वतःची वनहक्क ग्रामसभा नाही, तिथे नगरपंचायत आहे. पण शहरातल्या अनेक घरांची मुळे अजून आसपासच्या गावांत आहेत. आई-वडील तिथे राहतात, मतदार यादीत नाव तिथे आहे. ज्यांचे नाव आहे त्यांनी आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारून घ्यावी. विषयपत्रिकेत वनहक्काचा दावा असेल तर त्या दिवशी कामे बाजूला ठेवून जावे, घरातल्या बायांनाही सोबत न्यावे, कोरम भरेपर्यंत बसावे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवते, कोणत्या खोऱ्यात कोणाचे वावर होते, कोणत्या झाडाखाली कोणाचा देव होता, ते त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवून, सही-अंगठा घेऊन, सचिवाकडे द्यावे. ज्यांनी १९५०-६० च्या दशकांतले रान स्वतः पाहिले आहे अशी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांचे जबाब याच वर्षी घ्यायला हवेत.